घराचं काम काढताय? भिंतीला हात लावण्याआधी घरातल्यांशी बोलून घ्या

दिवाळी सरली, हवेत थोडा गारवा आला की सोलापूरच्या गल्लीबोळांत वाळू-खडीचे ढीग दिसायला लागतात. विजापूर वेस असो, बेगम पेठ असो, नई जिंदगी असो की शास्त्रीनगर, कुठे ना कुठे घण पडत असतोच. कुणाला माळवद काढून स्लॅब टाकायचा असतो, कुणाला संडास-बाथरूम घरात घ्यायचं असतं, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं आणि वर एक खोली चढवायची असते. काम काढताना घरात सगळे खुशीत असतात. महिना-दीड महिन्यानं त्याच घरात गेलं की चित्र वेगळं दिसतं. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, अम्मीचं बीपी वाढलेलं असतं, मुलांची परीक्षा तोंडावर असते आणि मिस्त्री फोन उचलत नसतो.

घराचं काम म्हटलं की त्रास होणारच, असं म्हणून आपण हा ताण सोडून देतो. पण त्याचे दोन भाग करून पाहावेत. धूळ, आवाज, पसारा हा एक भाग. तो मिस्त्रीबरोबर येतो आणि मिस्त्रीबरोबर जातो. दुसरा भाग पैशाचा, हिश्शाचा आणि न बोललेल्या गोष्टींचा. तो रंगाचा शेवटचा हात मारून झाल्यावरही घरात राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं राहतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की हा दुसरा भाग काम सुरू होण्याआधी बोलून, मशवरा करून, कागदावर लिहून बराच कमी करता येतो. पहिल्या भागासाठी थोडं नियोजन लागतं. दोन्हींबद्दल क्रमाने पाहू.

घर कुणाचं आणि पैसे कुणाचे?

आपल्याकडची अनेक घरं अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर आहेत. उताऱ्यावर वारसांची नावं लागलेली नसतात. राहणारे दोन भाऊ, बहिणी सासरी, आणि अम्मी मोठ्या मुलाकडे. अशा घरात कमावता भाऊ म्हणतो, "मी स्लॅब टाकतो." सगळे खुश होतात. मोठा भाऊ पैसे घालतोय म्हटल्यावर विचारणार कोण?

एक उदाहरण घेऊ. वडील वारलेत. मागे अम्मी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. वडिलांचं कर्ज किंवा वसीयत नाही, त्यांचे आई-वडीलही हयात नाहीत. घराची किंमत ४० लाख रुपये धरू. शरीयतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे ५ लाख. उरलेल्या ३५ लाखांत दोन्ही मुलांचे १४-१४ लाख आणि मुलीचे ७ लाख. वाटणी झालेली नसली तरी हे हिस्से वडील गेल्यापासूनच आहेत. आता मोठ्या भावानं स्लॅबसाठी ६ लाख घातले. हे पैसे म्हणजे नेमकं काय? त्यानं घराला दिलेली भेट? सगळ्यांच्या वतीने केलेला खर्च, जो वाटणीच्या वेळी त्याला आधी परत मिळायचा आहे? की त्यामुळे वरची खोली त्याची झाली?

तिन्ही उत्तरं असू शकतात. अडचण अशी की त्या दिवशी हे कुणी विचारत नाही. दहा वर्षांनी विचारतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळंच आठवतं. मोठ्या भावाला वाटतं आपण घर उभं केलं. धाकट्याला वाटतं आपणही रात्रंदिवस उभं राहून पाणी मारलं, मजुरांना चहा दिला, त्याची किंमत नाही का? आणि बहिणीला तर कुणी विचारलेलंच नसतं.

कुराणातली सर्वांत लांब आयत कोणती, हे पुष्कळांना ठाऊक आहे. सूरह बकराची २८२ वी आयत. ती उधारीच्या व्यवहाराची लिखापढी करण्याबद्दल आहे. मुदत ठरवावी, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असली तरी लिहायचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. भावाभावात लिहून घेतलं तर विश्वास नाही असं वाटेल, म्हणून आपण लिहीत नाही. खरं तर लिहून ठेवलं की नंतर शंकेला जागाच राहत नाही.

मग करायचं काय? काम काढण्याआधी एक दिवस सगळे हिस्सेदार एकत्र बसा. बहीण दुसऱ्या गावी असेल तर फोनवर घ्या. एका वहीत किंवा साध्या कागदावर चार ओळी लिहा: कोण किती पैसे घालणार, ते भेट की कर्ज की खर्च, वरची खोली कोण वापरणार, आणि वाटणीच्या वेळी हे कसं धरायचं. सगळ्यांच्या सह्या घ्या, दोन साक्षीदार घ्या, कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. वडील हयात असतील तर घर त्यांचंच आहे. तेव्हाही मुलानं घातलेले पैसे भेट आहेत की उसने, हे त्यांच्यासमोर बोलून घ्या. मोठी रक्कम असेल किंवा हिश्शाबद्दल शंका असेल तर मुफ्तीसाहेबांना आणि एखाद्या वकिलाला विचारलेलं बरं.

पैसे कुठून आणणार आणि कुठे थांबणार?

कामाचा अंदाज मिस्त्रीनं तीन लाख सांगितला आणि काम तीन लाखांतच झालं, असं क्वचितच घडतं. जुनी फरशी उकरली की खालची पाइप गंजलेली निघते. गिलावा काढला की भिंत पोकळ निघते. म्हणून जेवढे पैसे हातात आहेत तेवढ्याचं काम काढू नका. शंभर रुपये असतील तर ऐंशी-पंच्याऐंशीचंच काम ठरवा, बाकीचे बाजूला ठेवा.

आपल्यातली बरीच कुटुंबं व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात. मग भिशी उचलतात, सोनं मोडतात, नातेवाइकांकडून उसने घेतात. यातला प्रत्येक मार्ग पुढं घरात जाणवतो. भिशी आधी उचलली तर पुढचे हप्ते काम संपल्यावरही भरावे लागतात. ते घरखर्चातून कसे निघणार, हे आधी मांडा. सोनं मोडायचं असेल तर ते बायकोचं आहे का, तिच्या मेहरचं आहे का, हे लक्षात ठेवा. त्यावर हक्क तिचा आहे. तिनं संकोचानं "घ्या" म्हणणं आणि मनापासून देणं यात फरक आहे. परत करायचं असेल तर किती तोळे आणि कधी, हेही लिहा. नातेवाइकाकडून कर्जे-हसना घेतलं तर परतीची तारीख ठरवा. तारीख नसलेलं कर्ज देणारा आणि घेणारा दोघांचीही झोप उडवतं. प्रत्येक दावतीत त्याची नजर चुकवावी लागते.

घरासाठी साठवलेल्या पैशावर वर्ष पूर्ण होत असेल तर जकातीचा प्रश्नही येतो. तो आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

खर्च आवरायचा एक सोपा उपाय आहे. कामाच्या दोन याद्या करा. पहिलीत जे केल्याशिवाय चालणारच नाही ते: गळणारं छत, धोक्याची भिंत, संडास, वायरिंग. दुसरीत जे नंतर झालं तरी चालेल ते: पीओपी, कपाटं, महागडी फरशी, दर्शनी भिंतीची टाइल. पहिली यादी पूर्ण होईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. शेजाऱ्यानं काय बसवलं ते पाहून आपली यादी बदलायची नाही. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, दीनमध्ये नापसंत आहेच. शिवाय दिखाव्यासाठी काढलेली उधारी फेडताना होणारा त्रास घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला येतो.

मिस्त्रीशी बोली कशी करावी?

काम देण्याचे तीन प्रकार आपल्याकडे चालतात. हजेरीवर, मजुरीच्या ठेक्यावर आणि मालासकट ठेक्यावर. हजेरीवर दिलं तर काम लांबतं आणि रोज उभं राहावं लागतं. मजुरीच्या ठेक्यावर काम वेगानं उरकतं, पण माल आणायची धावपळ आपली असते. मालासकट दिलं तर धावपळ वाचते, पण सिमेंट, वायर, पाइप कोणत्या कंपनीचे घालणार हे लिहून घ्यावं लागतं. कोणताही प्रकार निवडा, पण कोणता निवडलाय हे दोघांनाही स्पष्ट हवं.

भांडणं बहुतेक वेळा लहान गोष्टींवरून होतात. राडारोडा कोण उचलणार? पाणी कोण मारणार? माप कसं धरणार, चौरस फुटावर की नगावर? खिडकीची जागा मापातून वजा करणार का? चौकट बसवल्यावर भोवतीचा गिलावा कुणी करायचा, मिस्त्रीनं की सुतारानं? हे सगळं एका पानात मावतं. लिहा आणि एक प्रत मिस्त्रीला द्या.

पैसे टप्प्यानं द्या. सुरुवातीला उचल थोडी, मग ठरलेलं काम झालं की ठरलेली रक्कम. शेवटचा एक भाग, समजा दहा टक्के, काम तपासून होईपर्यंत राखून ठेवा, आणि हे मिस्त्रीला आधीच सांगा. बाथरूमची फरशी झाल्यावर जाळी बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवा. खालच्या छताला किंवा बाजूच्या भिंतीला ओल आली नाही तर हिशेब पूर्ण करा.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. बिगारी रोज आणून रोज खाणारा माणूस आहे. त्याची मजुरी अडवून मिस्त्रीला धडा शिकवायला जाऊ नका. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मोबदला द्यावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. काम पटलं नाही तर मिस्त्रीशी बोला, पण मजुराचा दिवस बुडवू नका. वेळेवर पैसे मिळणाऱ्या घरी माणसं वेळेवर येतात, हा व्यवहारही आहे.

सोलापुरात मिस्त्री कन्नड बोलणारा, बिगारी तेलुगू बोलणारा, प्लंबर हिंदी बोलणारा आणि घरात दखनी, असं नेहमी होतं. म्हणून तोंडी सांगण्यावर राहू नका. खडूनं भिंतीवरच खूण करा: बोर्ड इथं, नळ इथं, मोरी इथं. वजूसाठी खाली नळ हवा असेल तर त्याची उंची खुणेनं दाखवा. संडासाच्या भांड्याची दिशा तर पहिल्याच दिवशी जमिनीवर आखून द्या. सोलापूरहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला आहे. त्यामुळे बसणाऱ्याचं तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे येऊ नये म्हणून भांडं उत्तर-दक्षिण बसवतात. हे सांगायचं राहिलं तर बसवलेलं भांडं फोडून काढावं लागतं, पैसे दुप्पट जातात, आणि "तुम्ही सांगितलं नाही", "तुम्ही विचारलं नाही" यावर दिवस संपतो.

मिस्त्रीशी बोलणारा घरातला माणूसही एकच असावा. अब्बा एक सांगतात, मुलगा दुसरं, आणि पुण्याहून किंवा सौदीहून व्हिडिओ कॉलवर मोठा भाऊ तिसरंच सांगतो. मिस्त्री मग स्वतःला सोयीचं असेल ते करतो. घरात काय बोलायचं ते बोला, पण बाहेर एकाच तोंडानं सांगा.

सोलापूरचं पाणी, सोलापूरचं ऊन

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. दोन-चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर घर चालवायचं आणि त्यातच बांधकामाला पाणी पुरवायचं, हा इथला खास ताण आहे. पाणी सोडल्याच्या दिवशी घरातल्या बाईला एकीकडे पिण्याचे हंडे भरायचे असतात आणि दुसरीकडे मिस्त्रीचा पिंप.

सिमेंटला पाणी लागतंच. गिलाव्याला किमान सात दिवस आणि स्लॅबला दहा ते चौदा दिवस ओल राहिली पाहिजे. उन्हात पाणी कमी पडलं तर भेगा जातात आणि पहिल्याच पावसात गळती लागते. म्हणून स्लॅबची तारीख मिस्त्रीच्या सोयीनं ठरवू नका, पाण्याच्या पाळीनुसार ठरवा. पिण्याचं पाणी आणि बांधकामाचं पाणी यांची पिंपं वेगळी ठेवा. गिलाव्यावर ओलं गोणपाट टाकलं तर ओल टिकते. स्लॅबवर मातीचे किंवा मालाचे छोटे वाफे करून पाणी साठवलं की पुन्हा पुन्हा मारावं लागत नाही. टँकर मागवावा लागणार असेल तर तो खर्च अंदाजात आधीच धरा. पाणी मारण्याच्या पाळ्या घरात वाटून घ्या. सकाळी फज्रनंतर एक जण, संध्याकाळी दुसरा. सगळं सुनेवर टाकू नका.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो. त्या दिवसांत छत काढून पत्र्याखाली किंवा कापडाखाली राहायची वेळ आली तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं आजारी पडतात. छताचं काम शक्यतो फेब्रुवारीच्या आत उरकेल असं पाहा. उन्हाळ्यात करावंच लागलं तर दुपारच्या वेळी घरातल्यांना बसायला दुसरी जागा ठरवून ठेवा.

जुनी भिंत पाडण्याआधी

पेठांतली जुनी घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची. या घरांत भिंतच सगळा भार पेलते. "मधली भिंत काढली की हॉल मोठा होईल" असं म्हणून घण घालणं धोक्याचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सोलापूरही हादरलं होतं. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत हजारो माणसं गेली. त्यांतली बहुसंख्य दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली सापडून गेली. जुन्या भिंतींवर आणखी भार टाकताना हे विसरू नये. भिंत काढायची असेल किंवा वर मजला चढवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला एकदा घर दाखवा. त्याची फी पूर्ण खर्चापुढं फार नसते, आणि रात्री निवांत झोप लागते.

रंग, गिलावा, फरशी अशा कामाला परवानगीची गरज पडत नाही. मजला चढवणं, बांधकाम वाढवणं, नव्यानं बांधणं याला महानगरपालिकेची परवानगी लागते. ती न घेता काम काढलं तर नोटिशीची भीती डोक्यावर राहते आणि कुणीही येऊन ती भीती वापरतो. काम सुरू करण्याआधी पालिकेत विचारून घ्या.

घरात राहूनच काम करायचं असेल तर

दुसरीकडे भाड्यानं राहणं प्रत्येकाला परवडत नाही. बहुतेकांना त्याच घरात राहून काम करावं लागतं. अशा वेळी सगळं घर एकदम उकरू नका. एक खोली पूर्ण करा, मग दुसरी घ्या. संडास तोडण्याआधी पर्यायी सोय पक्की करा. घरात मोठ्या मुली, म्हातारी माणसं असतात. "शेजारी जाऊन येतील" हे दोन दिवस चालतं, दोन आठवडे चालत नाही.

एक कोपरा असा ठेवा जिथं कामाचं सामान येणार नाही. तिथं जानमाज, मुलांची पुस्तकं, औषधांचा डबा आणि आवश्यक कागदपत्रं ठेवा. दिवसातून काही वेळ तरी घरातल्या माणसाला घरात असल्यासारखं वाटलं पाहिजे. मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत तोडफोडीचं काम ठेवू नका.

सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, घरी पानं भिजवून, कापून विड्या वळायच्या आणि नेऊन जमा करायच्या. मजुरी हजार विड्यांवर. त्यांच्यासाठी घर हेच कामाचं ठिकाण आहे. घरात सिमेंटची धूळ उडायला लागली की पान खराब होतं, बसायला जागा उरत नाही आणि मजुरी बुडते. शिलाईकाम करणाऱ्या बायकांचंही तेच. घरकामाच्या खर्चाचा अंदाज काढताना ही बुडणारी मजुरी कुणी धरत नाही. ती धरा. तेवढे दिवस त्यांना बहिणीकडे किंवा शेजारी बसायला जागा बघून द्या. विडी कामगार बायकांना हक्काचं घर मिळायला किती झगडावं लागलं, हे या शहरानं पाहिलंय. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत आणि नंतरचं रे नगर, जिथली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांना देण्यात आली, ही त्या झगड्याचीच फळं आहेत. ज्या बायकांच्या कमाईवर घर उभं राहतं, त्यांना फरशीचा रंग आणि ओट्याची उंची ठरवतानाही विचारावं.

पडद्याचा प्रश्नही आधीच सोडवा. कारागिरांची येण्या-जाण्याची वेळ ठरवा, एकच दार ठेवा, मधे जाड पडदा लावा. आत येण्याआधी आवाज देऊन विचारायचं, हे पहिल्या दिवशी नरमाईनं सांगा. इजाजत घेऊन आत येण्याची ताकीद सूरह नूरमध्ये आहेच, आणि चांगला कारागीर हे मानतोही. घरच्या पुरुषांनीही कामगारांना पाणी, चहा, सावली यांची सोय बाहेरच्या बाजूला करून दिली तर आतल्या बायकांना दिवसभर आवरून बसावं लागत नाही.

धुळीसाठी तोडण्याआधी पाणी शिंपडायला लावा. झाडूनं झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा. घरात दमेकरी, तान्हं बाळ किंवा अंथरुणावरचं माणूस असेल तर तोडफोडीचे दिवस त्यांना दुसऱ्या घरी ठेवा. उघड्या वायरी संध्याकाळी झाकल्या आहेत का, हे रोज एकानं पाहायचं.

शेजारी

पेठेतल्या घरांची भिंत अनेकदा सामाईक असते आणि बोळ सहा-आठ फुटांचा. आपल्या दारातला वाळूचा ढीग शेजाऱ्याच्या गाडीच्या वाटेत येतो. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन सांगा: इतके दिवस चालेल, रात्री आवाज करणार नाही, राडारोडा अमुक दिवशी उचलू. सामाईक भिंतीला हात लागणार असेल तर तिचे आधी फोटो काढून ठेवा, म्हणजे तडा जुना की नवा यावर वाद होणार नाही. शेजारी कुठल्याही धर्माचा असो, त्याचा हक्क आपल्यावर आहे. आधी सांगितलं की तोच माणूस एखादं पिंप पाणीही देतो.

तारखेचा ताण

"लग्नाआधी झालंच पाहिजे" किंवा "ईदला नव्या घरात" ही वाक्यं घरात सर्वांत जास्त ताण आणतात. मिस्त्री गावच्या जत्रेला जातो, पेरणीला जातो, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहराच्या मध्यभागी मालाची गाडी आत येत नाही. मिस्त्री एक महिना म्हणाला तर आपण दीड महिना धरावा आणि लग्नाची तारीख त्यानंतर किमान तीन आठवडे ठेवावी. तरीही उशीर झाला तर मंडप दुसरीकडे घालता येतो. अर्ध्या रंगाच्या भिंतीमुळे निकाह अडत नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो ऐन बांधकामाच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतोय. सहेरीला उठून, रोजा धरून, दिवसभर घणांचा आवाज ऐकत इफ्तारीची तयारी करणं बायकांसाठी फार जड जातं. जमल्यास काम रमजानआधी संपवा, नाहीतर महिनाभर थांबवा. थांबवायचं ठरलं तर मिस्त्रीलाही महिनाभर आधी सांगा, म्हणजे तो दुसरं काम धरेल.

डोकं तापलं तर

आठवड्यातून एकदा, ईशाच्या नमाजनंतर, वीस मिनिटं सगळे एकत्र बसा. तीनच गोष्टी बोला: किती खर्च झाला, काय झालं, पुढच्या आठवड्यात काय. कामं आपसातल्या मशवऱ्यानं करावीत, हे कुराणात आहे. रोज जेवताना मिस्त्रीचा विषय काढून भांडण्यापेक्षा त्यासाठी एक दिवस राखून ठेवणं बरं. जेवताना हा विषय बंद.

राग आला तर उभ्यानं बसावं, बसलेल्यानं पहुडावं, वजू करावा, ही शिकवण मिस्त्रीसमोर उभं असतानाही उपयोगी पडते. रागाच्या भरात फोन करू नका. नमाज पढून या, मग बोला. तोपर्यंत निम्मं बोलायची गरज उरलेली नसते.

घरातल्या एकमेकांकडे लक्ष ठेवा. झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतं, पोरांवर विनाकारण हात उठतो, सारखं रडू येतं, हे दोन आठवडे चाललं तर तो "कामाचा त्रास" म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. बीपी-शुगरच्या गोळ्या पसाऱ्यात हरवून चुकत नाहीत ना, हेही पाहा. मन मोकळं करायला सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा आहे. नंबर १४४१६. ती रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. दुवा आणि इलाज दोन्ही करावेत, त्यात संकोच नको.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं गप्प राहणंही ओळखा. जुना सागवानी दरवाजा, अब्बांची बसायची ओटी, अम्मीचा कोनाडा, हे तोडताना त्यांना विचारा. दरवाजा दुसऱ्या खोलीला बसवता आला तर बसवा. त्यांना त्या घरात चाळीस-पन्नास वर्षं झालेली असतात.

या हंगामात तुमच्या घरी काम निघणार असेल तर सिमेंट आणायच्या आधी एक दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर हिस्सेदारांचं ठरलेलं, दुसऱ्यावर मिस्त्रीची बोली, तिसऱ्यावर दोन याद्या, आणि पुढं रोजचा हिशेब. काम संपल्यावर ती वही घराच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवा. अल्लाह तुमच्या घरात बरकत देवो आणि घरातल्या माणसांत मोहब्बत राखो. आमीन.